विभूतीवर फोडलेलं खापर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले प्राचार्य शिवमूर्ती सर. व्यासपीठावरील संस्थेचे मान्यवर पदाधिकारी. सत्कारमूर्ती गंगम्मा मावशी. खास उदगीरहून आलेली त्यांची सून आणि नातवंडं. आणि चहा कुठवर आला म्हणून मागं वळून बघणाऱ्या माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना नमस्कार, शरणु शरणार्थी आणि जय भीम.

मला दोन मिनिटं दिलीत. पण सहा वर्षं गप्प बसलेल्या माणसाला दोन मिनिटं पुरायची नाहीत, तेवढं सांभाळून घ्या.

आताच सगळ्यांनी सांगितलं, मावशींनी सहा वर्षांत कॉलेजची घंटा एक मिनिटही चुकवली नाही. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. पण मावशी घंटेवर गेल्याच कशा, हे कुणी विचारलं का? त्याआधी बावीस वर्षं त्या ऑफिसात होत्या. त्यांना तिथून मी घालवलं.

ऑफिसचं कॉम्प्युटर मी सांभाळायचो, ते तेव्हा लई मंद झालं होतं. चालू करून चहाला जावं, परत यावं, तरी ते फिरतंच. म्हणून मी नवी हार्ड डिस्क मागवली. जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवलं, दोन्ही आत असताना मशीन चालवून पाहिलं. झकास चाललं. मग जुनी काढली, झाकण लावलं आणि दसऱ्याच्या ओढीनं घर गाठलं. एकट्या नव्या डिस्कवर मशीन सुरू होतं का, एवढं एक बटण दाबून बघायचं होतं. ते बघितलं नाही. सुरू होताना मशीनला पहिली वाट दाखवणारा बारका भाग जुन्या डिस्कवरच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मावशींनी दरसालाप्रमाणे मशीनची पूजा केली. विभूतीची तीन बोटं ओढली, झेंडूचं फूल ठेवलं, नारळ फोडला. त्या दिवशी मशीन कुणी चालू करत नाही. पूजेपुरता मी आलो होतो, पेढे मीही खाल्ले.

दसरा होऊन कॉलेज उघडलं, तो परीक्षेचे फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. व्हरांडा पोरापोरींनी भरलेला. बटण दाबलं तर काळा पडदा, त्यावर दोन पांढऱ्या ओळी. डिस्क सापडत नाही म्हणून. सरांनी विचारलं, काय झालं? माझी नजर मशीनच्या जाळीवर गेली. तिथं विभूती होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, राख आत गेली असंल."

मी पूजापाठ न मानणारा माणूस, म्हणून माझं बोलणं सगळ्यांना शास्त्रशुद्ध वाटलं. कसलं शास्त्र अन् कसलं काय! शास्त्र असतं तर आधी तपासलं असतं. माझी आई सरजाबाई, चौथी शिकलेली. ती म्हणायची, डोळ्यानं बघितल्याबिगर कुणावर आळ घेऊ नये. आईचंही ऐकलं नाही.

दुपारी जुनी डिस्क परत जोडली आणि मशीन लगेच सुरू झालं. चूक कुणाची, हे मला तेव्हाच कळलं. तो राहिलेला भाग मी नव्या डिस्कवर घेतला, चारच्या आत सगळे फॉर्म गेले. सरांनी पाठ थोपटली. मी म्हणालो, राख साफ केली. त्या महिन्यात माझी कंत्राटी नेमणूक वाढायची होती. मावशी कायम आहेत, त्यांचं काय बिघडतंय, अशी मी मनाची समजूत घातली.

पाच वाजता मावशींना मेमो मिळाला, पूजेच्या राखेनं मशीन बिघडवलं म्हणून उद्यापासून ऑफिस बंद, घंटेवर जा. तो पदराला बांधून त्या माझ्यासाठीच चहा घेऊन आल्या. सर, तुम्ही होता म्हणून लेकरांचं वरीस वाचलं, म्हणाल्या. तो चहा मी प्यायलो. अजूनही मला त्याची लाज वाटते.

गेल्या आषाढात नवा प्रिंटर आला. मी मावशींना म्हटलं, या, नारळ तुम्हीच फोडा. त्या दारातच थांबल्या. "नको सर. मशीनला माझा हात सोसत न्हाई," म्हणाल्या. त्यांची सून सांगते, घरी नातीचा मोबाईलसुद्धा त्या हातात घेत नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. पण या बाईंनी माझं खोटं खरं मानलं, आणि सहा वर्षं स्वतःचेच हात अपशकुनी समजत राहिल्या.

मावशी, तुमच्या हाताला काही झालेलं नव्हतं. चूक माझी होती. आणि ती झाकायला खोटं बोललो, तेही मीच. आज सकाळी सरांना हे सगळं लिहून दिलंय. सर, तो मेमो त्यांच्या फायलीतून काढून माझ्या फायलीत लावावा, ही भर सभेत विनंती.

काल ऑफिसच्या मशीनची डिस्क मी पुन्हा बदलली. जुनी बाहेर काढून, झाकण लावून, तीनदा चालू करून पाहिली. चालते.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आपला आभारी आहे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. त्या दिवशीच्या बोलण्याची माफी मात्र सभेकडं नाही, ती मावशींकडं आहे, आणि ती त्यांनी आजच द्यावी असा माझा हट्ट नाही.

मावशी, विभूतीची डबी सूनबाईंनी आणलीय, मीच फोन केला होता. चहा झाला की ऑफिसात चला. तीन बोटं ओढा आणि बटण तुमच्या हातानं दाबा. बंद पडलं, तर या खेपेला माझं नाव सांगा.