हळू फिरणारा रेकॉर्ड प्लेअर

हसू नका गा, पण आमच्या बाबानं घरातला पहिला रेकॉर्ड प्लेअर मुद्दाम बिघडलेला निवडला. आई जाऊन वर्ष झालं होतं. तिनं गायलेल्या गाण्याची एक तबकडी घरात होती, पण वाजवायले मशीन नव्हतं. जरीपटक्याच्या बाजारात जुन्या मालाच्या दुकानात आमच्या ऐपतीतले दोनच प्लेअर होते. बाबानं दोन्हींवर तबकडी लावून पाहिली.

"काका, हा नका घेऊ," दुकानदार म्हणाला. "हळू फिरून राहिला, आवाज जाड येते."

"हाच दे."

मी चिडलो. "बाबा, काहून? ही आई वाटूनच नाही राहिली!"

बाबा फिरत्या तबकडीकडे पाहत म्हणाले, "गाणं तबकडीत मावत नव्हतं, म्हणून रेकॉर्डिंगच्या दिवशी तिले घाईनं गायले लावलं होतं. घरी ती अशीच सावकाश गाये."