झोत दिसेपर्यंत उपास

तुम्हाला सांगते, नवस बोलण्याआधी लेकीला विचारून घ्यावं. आमची सई रेडिओ दुर्बिणीनं कुठल्याशा लांबच्या दीर्घिकेतून निघणारा झोत बघणार होती. तिची पीएचडी त्यावरच अडलेली. मी कोरेगावात गणपतीला बोलून बसले, झोत दिसल्याशिवाय जेवणार नाही. संकष्टीला चंद्रासाठी थांबतो ना, तसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "आई, निरीक्षण झालं."

"दिसला का गं?"

"लगेच कुठं! नुसते आकडे मिळालेत. त्यांचं चित्र व्हायला तीन महिने लागतील."

मी उपासाचं सांगितलं. शेजारून आमचे हे म्हणाले, "तवर तूच दिसायची न्हाईस!"

सई हळूच म्हणाली, "आई, देवाला दिसलाय तो. तू जेव."