चपलांच्या दुकानातली दुपार

परदेशात स्थायिक झालेल्या मित्राचं पत्र आलं होतं : ‘पुढच्या महिन्यात शनिवार-रविवार शहरात असेन. तूही ये.’ इतक्या वर्षांनी बोलायचं काय, या धास्तीने निवृत्त ग्रंथपालांनी उत्तरच लिहिलं नव्हतं. पोस्टात पेन्शनच्या रांगेत त्यांच्या पुढे दोघी उभ्या होत्या.

“मग, भेटली का परदेशातली मैत्रीण?”

“भेटली तर! दोन दिवसांत शहर पालथं घालायचं ठरवलं होतं.”

“काय काय पाहिलंत?”

“चपलांचं दुकान.”

“अगं, आणि?”

“आणि काय! पाय बोलायला लागले, बसायला कुठे जागा नाही. शिरलो दुकानात. जोड काढायला लावायचे, नि गप्पा मारायच्या.”

“किती घेतले?”

“एकही नाही. शेवटी दुकानदाराने हात जोडले. म्हणाला, ‘ताई, आता घरी जा.’”

“एवढं बोललात तरी काय?”

“आधी दातखीळच बसली होती गं. मग ती म्हणाली, ‘किती सुटलीस!’ म्हटलं, ‘तू कुठे काडी राहिलीस?’ झालं! मग कोण थांबतंय!”

खिडकीशी पोचल्यावर ग्रंथपालांनी पेन्शनच्या आधी परदेशी जाणारं पोस्टकार्ड मागितलं. उभ्याउभ्याच लिहिलं : ‘तुझं पोट कुठवर आलंय ते बघायला येतोय.’ आणि दुसऱ्यांदा वाचायच्या आत पेटीत टाकलं.