नानांची ओळ

वहिनी, आणि भर उन्हात आखातातल्या माहूजच्या या घरी जमलेल्या सगळ्यांनो,

बोलायला उभा राहिलोय, पण जमेल असं वाटत नाही. इतकी वर्षं नाना विचारायचे आणि मी उत्तर द्यायचो. आज विचारणारंच कोणी नाही.

नाना, म्हणजे आपले रामनाथ बोरस्ते, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लँटवर माझे सीनियर. निफाडकडचे, द्राक्षबागायतदाराच्या घरातले. मी दापोलीचा. मी मध्ये बोललो की म्हणायचे, "इकबाल, तू नारळवाला. तुला छाटणीतलं काय कळणार?"

प्लँटवरचे आमचे हॅरिस साहेब रिटायर होऊन इंग्लंडला गेले आणि त्यांनी वाइनसाठी द्राक्षं लावली. तणनाशक नाही. ओळींमध्ये गवत, थंडीत त्यावर मेंढ्या, रस काढल्यावर उरलेला चोथा परत बागेत. त्यांचं पत्र वाचून नाना चक्रावले. "मेंढ्या? आणि वेली खात नाहीत?"

मग त्यांनी सल्ला पाठवला. ऑक्टोबरात छाटा. आपल्याकडे तसंच करतात ना? साहेबांनी विश्वासाने एक ओळ छाटली. तिथे तेव्हा पानं हिरवी होती, वेल थंडीची तयारी करत होती. पुढे वसंतात त्या ओळीचे कोंब सगळ्यांआधी फुटले आणि उशिरा पडलेल्या हिमाने करपले.

साहेबांनी रागाचा शब्द लिहिला नाही. फक्त त्या ओळीला नाव दिलं. नानांची ओळ.

नाना मला म्हणाले, "वेल झोपायला निघाली होती रे. मी तिचं पांघरूण ओढून काढलं."

त्या वर्षीची लीव्ह त्यांनी पुढच्या जानेवारीत घेतली. गावी गेले नाहीत. वहिनी, तुम्ही काय म्हणालात आठवतं? "पंचवीस वर्षांत मला महाबळेश्वर दाखवलं नाही, आणि मेंढ्या बघायला विलायत!" पण स्वेटर तुम्हीच विणलात.

तिथे त्यांनी ती ओळ स्वतःच्या हातांनी छाटली. झोपलेल्या वेली. परत आले ते सांगत, की मेंढ्या थंडीतच सोडतात, तेव्हा वेलीवर खायला पानच नसतं! मी विचारलं, वाइन कशी होती? "एक चमचा चाखली. आंबट. पण माती काय भुसभुशीत, इकबाल!"

तेव्हापासून एकच घोर. ओळ सावरेल का? हॉस्पिटलमध्येही हाच प्रश्न. "पत्र आलं?" मी म्हणायचो, येईल, इंशाल्ला.

परवा आलं. नाना जाऊन चार दिवस झाले होते. वहिनींनी ते माझ्या हातात दिलं.

साहेब लिहितात, नानांच्या ओळीत घड धरलेत. सगळ्या बागेत उठून दिसतात. फक्त टोकाच्या पाच वेली अजून मागे आहेत. का असेल? नाना, विचार करून कळवा.

काय कळवू मी? खाली पाणी साठत असेल? वारा लागत असेल? मी नारळवाला. मला ठाऊक नाही. पण पहिल्यांदाच वाटतंय, की जाऊन बघावं.

चला, दोन मिनिटं शांत उभे राहू या. त्यात कुणाला त्या पाच वेलींचा विचार आला, तर येऊ द्या. नानांनी त्या दोन मिनिटांत तेच केलं असतं.