मंडळ काढलं, पोरी गेल्या

नाय मानलं गो कुणी माझं खरं. बस, दिशा, खाटेवरच बस, लॅपटॉप घे मांडीवर. पेणच्या निवड समितीनं तुला पाठवलं ना, मग ऐक. मी पूल ओलांडून रोह्याला त्या नितेशकडे गेले. म्हटलं, तुझ्या कबड्डीच्या ॲपातून माझी शीतल गायब झालीय, नाव टाकलं तर अशी खेळाडूच नाय म्हणतं. तर म्हणे, काकू, तुम्ही स्पेलिंग चुकला असाल. चौथी शिकलेय मी, पण पोटच्या पोरीचं नाव चुकेन? जिल्हाभर चढाया करून पोरीच्या गुडघ्याला टाके पडले, ते पण खोटे काय? अन् उद्या जिल्ह्याच्या संघाची निवड. तुमचे समितीवाले मोबाइल बघतात, पोरीकडे नाय बघत — रेकॉर्ड नाय तर मैदानात पाय नाय.

मग तुमचा फोन गेला, तेव्हा कुठं त्यानं उघडून बघितलं. अन् बसला मला शिकवायला — कागदावर चौकोन काढून. हा संघ, ह्या खेळाडू, हे सामने. ह्यांना मॉडेल म्हणतात काकू, एकेका मॉडेलचं डेटाबेसात एकेक टेबल, अन् खेळाडू संघाला बांधलेली. संघ डिलीट झाला की खेळाडू अन् सामने आपोआप जातात. मी म्हटलं, "गोठा पाडला की म्हशी पण मारतोस काय रे?" तर हसला मेला. म्हणे जँगोत असंच असतं. काय ते जँगो — आयती चौकट मिळते म्हणे, ह्यांनी फक्त भरायची. खोदून विचारलं तेव्हा कबूल झाला, ती चौकट विचारते — संघ गेला तर मागं राहिलेल्यांचं काय करू? सोबत घालवू, का संघ काढूच नको देऊ, का नुसती दोरी सोडू? ह्यानं लिहिलं, सोबत घालव. का? तर दुसऱ्या कुणाच्या कामात तसंच होतं. बघून लिहिलं. आमच्या शाळेत बघून लिहिणाऱ्याला बाई अंगठे धरायला लावायच्या, ह्याला लोक सर म्हणतात.

काय? ॲपातल्या नोंदींची जुनी प्रत हाय तुझ्याकडे? मग घाल ना परत, वाट कसली बघतेस? — कुणी काढलं ते समितीला कळवायला लागतं? नायतर आईनं आयत्या वेळी खोटं रेकॉर्ड घुसवलं म्हणतील? लिही की मग नितेश. — डिलीट त्यानं नाय केलं, ठाऊक हाय मला. ॲपातला संघ म्हणजे कबड्डीचं मंडळ, तो काढायचा हक्क मंडळाच्या सचिवाला. अन् सचिव कोण, तर शीतलचा बापूस. झालं, सांगून बसले. हे सांगायचं नव्हतं मला. काय झालं, ह्यांच्या मंडळात मुलग्यांचे सामने संपेस्तोवर पोरी वडे तळायच्या — स्वतःच्या सामन्याच्या दिवशी गो. तर इथं आमच्या अष्टमी गावात पोरींनी आपलं वेगळं मंडळ काढलं, शीतल तिकडं गेली. बरंच केलं. त्याची नोंदणी व्हायचीय अजून, म्हणून ॲपात ती जुन्यालाच बांधलेली. त्या दिवशी हे जेवायला बसले, म्हणाले, संपवलं मंडळ, ॲपातनं पण काढलं. मी भात वाढला. बाप्याचा राग, दाबलं काहीतरी, पोरी पण जातील हे त्यांना काय ठाऊक — तेव्हा चूक नितेशचीच. तेच लिही.

अशी काय बघतेस? बोल. — काढायच्या आधी विचारतं? काय विचारतं? — सोबत काय काय जाणार ते दाखवतं? नावं घालून? सगळ्या पोरींची, सामन्यांसकट, अन् खाली — नक्की काढू का?

मराठीत?

म्हणजे शीतलचं नाव होतं त्यात. समोर. अन् हे माणूस पेपर वाचतं तर जाहिराती पण सोडत नाय.

खोड ते नितेशचं. गाढव हाय तो, पण खोड. लिही, घाल माझ्या पोरीला परत, अन् नीघ ते घरी यायच्या आत. लग्नात उखाण्यात घेतलं होतं नवऱ्याचं नाव, त्यानंतर आज घेते.

महिपती.