पाठ न केलेली साक्ष

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या वकील संघाचे वडीलधारे अध्यक्षमहोदय. ज्यांच्या येण्यामुळे या जुन्या सभागृहाच्या भिंतींना कधी नव्हे तो रंग मिळाला, ते प्रमुख पाहुणे, माननीय मंत्रिमहोदय. व्यासपीठावरील इतर मान्यवर. ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती, आपल्या सरकारी वकीलबाई. समोर बसलेले काळ्या कोटातले विद्वान मित्र, कचेरीतले बंधुभगिनी, आणि मागच्या खुर्च्या रिकाम्या असूनही दाराशी उभी राहिलेली ती तरुण मंडळी. सर्वांना माझा सविनय नमस्कार.

न्यायाधीशमहोदय येणार म्हणून ऐकलं होतं, ते आलेले दिसत नाहीत. त्यांनी का टाळलं हे मला ठाऊक नाही. पण मला ते आवडलं.

सचिवसाहेबांनी माझी ओळख फार गोड शब्दांत करून दिली. 'आपल्या न्यायालयाचे निवृत्त कर्मचारी, सगळ्यांचे लाडके कवितावाले सर.' यातलं कवितावाले सर हे अगदी खरं. निवृत्त हेही खरं. पण या इमारतीत मी एक दिवसही नोकरी केलेली नाही. सचिवसाहेब, तुम्ही ओशाळू नका. इतकी वर्षं तुम्ही मला तळमजल्यावरच्या त्या लांब बाकावर बसलेला पाहताय. तुम्ही नवे वकील म्हणून आलात तेव्हा मी तिथे होतो, तुमचे केस पिकले तेव्हाही मी तिथेच होतो. एखादं माणूस एखाद्या जागी पुरेसा काळ बसलं, की ते त्या जागेचंच होऊन जातं. परवा तर एका पक्षकाराने मला विचारलं, "काका, नक्कल कुठल्या खिडकीवर मिळते?" मी सांगितलीही. मला माहीत होती, काय करता.

तेव्हा दुरुस्ती एवढीच, की मी इथला कर्मचारी नाही. मी साक्षीदार आहे. माझी साक्ष अजून व्हायची आहे.

आपण थोडे गंभीर झालात. व्हायचं कारण नाही, मी आज साक्ष देणार नाही. आज मला वकीलबाईंविषयी बोलायचं आहे. पण त्यांची माझी ओळख ज्या धाग्याने झाली, तो धागा सोडून त्यांच्याविषयी बोलणं म्हणजे फूल बाजूला ठेवून सुगंधाचं वर्णन करणं.

मी भाषा शिकवायचो. पाचवी ते सातवी. ज्या पिढीने कविता आधी कानांनी ऐकली, मग ओठांनी म्हटली आणि अर्थ पुढे आयुष्यभर शोधला, त्या पिढीचा मी माणूस. अजूनही डोळे मिटले की वर्गातली दुपार दिसते. कौलांतून उतरलेला उन्हाचा तिरका पट्टा, त्यात तरंगणारी खडूची धूळ, आणि पन्नास गळ्यांतून एकदम उठलेली एक ओळ. त्या ओळीला चाल कोणी लावली हे कोणालाच ठाऊक नसायचं. ती पिढ्यांमागून पिढ्या बाकांवरून खाली झिरपत यायची.

तर निवडणुकीच्या दिवशी माझा हाच वर्ग मतदान केंद्र झाला आणि मी झालो केंद्राचा प्रमुख. शिक्षकाला ही कामं चुकत नाहीत. माझ्या हाताखाली आमचेच चित्रकलेचे सर होते. मुलं त्यांना पाठीमागे 'रंगारी' म्हणायची, आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्यांच्याकडे मतदारांच्या बोटाला शाई लावायचं काम होतं. सकाळी मला म्हणाले, "सर, जन्मभर मुलांच्या बोटांची शाई पुसायला लावली. आज गावाच्या बोटांना लावतोय. देवाचा हिशेब बघा." आदल्या दिवशी शिकवलेली कविता फळ्यावर तशीच होती. पुसायला माझा हात झाला नव्हता.

दुपारी उन्हं कलताना रांग विरळ झाली आणि काही माणसं आत आली. दार आतून लावलं गेलं. पुढे उभा असलेला तरुण मला म्हणाला, "सर, तुम्ही दमलात. जरा बसा. बाकीची मतं आम्ही देतो." आवाज चढवला नव्हता, उलट अदबीने बोलत होता. मी बसलो नाही. पण खरं सांगायचं तर मी जागचा हललोही नाही. हलले ते रंगारी. त्यांनी मतपेटी उचलली, पोटाशी धरली आणि फळ्याला पाठ लावून उभे राहिले. लेकराला धरावं तशी. म्हणाले, "ही सरकारची नाही, तुमची नाही, माझीही नाही. ही देता येणार नाही."

त्यानंतर जे झालं, ते मी इथे सांगणार नाही. कोणाचा हात उठला, हातात काय होतं, किती वेळा उठला, हे सगळं मी राखून ठेवलं आहे. एवढंच सांगतो, की रंगारी घरी गेले नाहीत. आणि पंचनामा करायला आलेल्या हवालदाराने फळ्याकडे बोट दाखवून मला विचारलं, "हे काय लिहिलंय?"

"कविता."

"कशावर आहे?"

"उजाडण्यावर."

त्याने थोडा विचार केला आणि कागदावर लिहिलं, 'फळ्यावर किरकोळ मजकूर.'

हसलात, बरं वाटलं. मीही पुढे पुष्कळ वर्षांनी हसायला शिकलो.

खटला उभा राहिला आणि तो आपल्या वकीलबाईंकडे आला. त्या तेव्हा तरुण होत्या, तडतड्या होत्या. पहिल्या तारखेला मी आपला मास्तरी स्वभावाप्रमाणे सगळी हकीकत पाठ करून आलो होतो, स्वल्पविरामासकट. बाकावर त्यांच्यापुढे घडाघडा म्हणून दाखवली. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. बाई म्हणाल्या, "सर, हे विसरा."

"विसरू?"

"पाठ केलेलं विसरा. पाठ केलेली साक्ष उलटतपासणीत एका धक्क्याने फुटते. मधलाच एक शब्द विचारला की तुम्ही पहिल्या ओळीपासून सुरू कराल, आणि समोरचे वकील म्हणतील, पोपट आहे, पढवलाय. तुम्ही पाठ करू नका. आठवत राहा."

ज्याने जन्मभर पाठांतर घेतलं त्याला हे सांगणं म्हणजे माशाला झाडावर चढ म्हणण्यासारखं. पण मी शिकलो. रोज सकाळी चहाआधी मी त्या वर्गात जाऊन येतो. कधी खिडकीकडून पाहतो, कधी दाराकडून. आमची ही म्हणते, "अहो, चहा निवतोय, या आता परत." ती मला हाक मारते तेव्हा मी कुठे असतो हे तिला बरोबर कळतं.

आता आपल्याला वाटेल, इतकी तयारी, मग साक्ष का झाली नाही? विद्वान मंडळींना कारण ठाऊक आहे, पण कचेरीतल्या भगिनींसाठी सांगतो. प्रत्येक तारखेला आरोपीच्या वतीने दोन अर्ज येतात. पहिला असा, की आरोपीची प्रकृती बरी नाही, कंबर धरली आहे, जिना चढायला डॉक्टरांची मनाई आहे, सबब हजेरी माफ व्हावी. दुसरा असा, की साक्षीदार आरोपीला ओळखतो की नाही हाच वादाचा मुद्दा आहे, सबब आरोपी समोर हजर असल्याशिवाय साक्ष नोंदवू नये. पहिल्या अर्जाने माणूस येत नाही आणि दुसऱ्याने माझं तोंड उघडत नाही. दोन्ही अर्ज नम्र भाषेत असतात. दोन्ही मंजूर होतात. बाई उभ्या राहून हरकत घेतात, हरकत नोंदवली जाते, आणि आम्ही पुढच्या तारखेला पुन्हा बाकावर.

त्या बाकावर आधी आम्ही पुष्कळ होतो. शाळेचा शिपाई होता. तो फितूर झाला. त्याच्या मुलाला नोकरी लागली त्याच महिन्यात. मी त्याला दोष देत नाही, तो आजही रस्त्यात भेटला की मान खाली घालतो. मतदार यादी तपासणाऱ्या बाई होत्या. त्या म्हातारपणाने गेल्या. बंदोबस्ताचा शिपाई होता. त्याची बदली कुठे झाली हे त्याच्या खात्यालाही सांगता येत नाही. आता बाक मोठा वाटतो. पाय सोडून बसता येतं.

मध्यंतरी घरी एक गृहस्थ आले. अतिशय सभ्य. फळांची करंडी आणली होती. माझी विचारपूस केली. "सर, झोप लागते ना? हल्ली विसरायला होतं का?"

मी म्हटलं, "चष्मा विसरतो."

"छे, चष्मा काय. जुन्या गोष्टी म्हणतो मी. या वयात विसरायला झालं तर कोणी नावं ठेवत नाही, सर. उलट घरच्यांना शांतता मिळते."

मग त्यांनी माझ्या मुलीचं गाव सांगितलं, ती राहते तो मजला सांगितला, नात कुठल्या वर्गात आहे तेही सांगितलं. कौतुकानेच सांगितलं. म्हणाले, "गोड आवाज आहे हो तिचा. कविता छान म्हणते." ते गेल्यावर आमची ही करंडी उचलून बाहेर ठेवून आली. त्या रात्री मुलीचा फोन आला. "बाबा, पुरे झालं. रंगारीकाका परत येणार आहेत का?" येणार नाहीत, म्हणूनच तर, एवढंच म्हणालो. ती रडली. अजून नीट बोलत नाही.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी वकीलबाईंना सांगितलं. वाटलं होतं, त्या धीर देतील. त्यांनी डबा उघडला, अर्धी पोळी माझ्यापुढे केली आणि म्हणाल्या, "मलाही आले होते. माझ्याकडे मिठाई आणली होती." मग आम्ही दोघांनी मिळून तो डबा संपवला. मोठ्या माणसांचा मोठेपणा भाषणांत सांगतात, मित्रहो. मला बाईंचा मोठेपणा त्या अर्ध्या पोळीत दिसला.

आज त्या निवृत्त होताहेत. हा खटला पुरा होईपर्यंत मुदत वाढवून मिळावी असा अर्ज त्यांनी केला होता. त्याला नकार आला नाही. उत्तरच आलं नाही. त्यांच्या जागी येणारे तरुण वकीलसाहेब समोर पहिल्या रांगेत आहेत, त्यांचं मनापासून अभिनंदन. त्यांनी वकिलीचे धडे कुठे गिरवले, तर जिथून ते दोन अर्ज लिहून यायचे त्याच कचेरीत. म्हणजे या प्रकरणाचा अभ्यास त्यांना नव्याने करावा लागणार नाही.

सचिवसाहेबांची चिठ्ठी आली आहे. 'सर, आवरतं घ्या, एखादी कविता म्हणा.' घेतो आवरतं. कविता मात्र आज नको.

बाई, तुम्ही मघापासून मान हलवून मला थांबवताय, ते मला दिसतंय. काळजी करू नका. तुम्ही शिकवलेलं मी विसरलो नाही. शपथेशिवाय बोललेलं वाऱ्यावर जातं, आणि उद्या तेच माझ्यावर उलटतं. म्हणून मी कोणाचं नाव घेतलेलं नाही आणि घेणार नाही. कोणी मला आत्ता विचारलं, की तो तरुण या सभागृहात हजर आहे काय, तरी मी उत्तर देणार नाही. ते उत्तर खालच्या खोलीचं आहे.

मला फक्त माननीय पाहुण्यांचे आभार मानायचे आहेत. साहेब, आपल्या या इमारतीची लिफ्ट बंद आहे. आम्ही म्हातारे प्रत्येक वळणावर टेकत टेकत वर आलो. आपण मात्र दोन मजले एका दमात चढलात. वर येताच वाकून बाईंना पुष्पगुच्छ दिलात, आणि छायाचित्रकार म्हणाले 'पुन्हा एकदा' तेव्हा पुन्हा वाकलात. आपली प्रकृती इतकी ठणठणीत आहे, हे जवळजवळ सगळ्या वकील संघाने आज डोळ्यांनी पाहिलं. मला याचा किती आनंद झाला म्हणून सांगू. येत्या मंगळवारी खाली तारीख आहे. कोर्ट तळमजल्यावर आहे. तिथे जिना नाही.

टाळ्या वाजल्या नाहीत तरी चालेल.

आता आभार. वकील संघाने एका परक्या माणसाला आपला समजून इथे उभं केलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. बाईंना काय देऊ? मास्तराकडे देण्यासारखं एकच असतं. बाई, मी पाठ केलेलं नाही. मला आठवतं आहे.

आणि एक. मी बोलायला उठण्याआधी साहेबांचे सहायक माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "सर, कार्यक्रमानंतर आपली गाडी आहे, घरापर्यंत सोडू." या आपुलकीबद्दल आभार, पण मला चालायची सवय आहे. अंधार पडतो आहे आणि कालव्याकडच्या रस्त्यावरचे दिवे गेल्या आठवड्यापासून लागत नाहीत. तेव्हा त्या बाजूला ज्यांची घरं आहेत, त्यांना एक विनंती. आणि ज्यांची नाहीत, पण आज थोडं लांबून जायला ज्यांची हरकत नाही, त्यांनाही. मी फाटकाशी उभा राहतो. सोबत जाऊ.

बोलण्याच्या ओघात कोणाचं मन दुखावलं असेल, मानपानात काही कमीजास्त झालं असेल, तर म्हातारपणाच्या पदरात टाका आणि मला क्षमा करा. अध्यक्षमहोदयांच्या परवानगीने मी थांबतो. खाली फाटकाशी आहे.