खाचेतला दाणा

आमच्या नायगावच्या कॉम्प्युटरचं तुम्हाला सांगितलंच न्हाई. लई स्लो झाला होता, म्हणून मी घरीच नवी रॅम बसवली. बटण दाबलं, तर स्क्रीन काळीच! मागं वडील उभे. आई गेल्यावर तिचे सगळे फोटो राहिले ते त्यातच.

"गेलं का रे सगळं?"

"थांबा की अप्पा!" मी खेकसलो.

रॅम काढून आत टॉर्च मारला. रॅमच्या खाचेत तांदळाचा पिवळा दाणा! दर दसऱ्याला आई कॉम्प्युटरची पूजा करायची, वरच्या जाळीवर अक्षता टाकायची. मी दाणा चिमट्यानं उपसून फेकला आणि रॅम पुन्हा दाबून बसवली. बटण दाबलं, कॉम्प्युटर सुरू झाला आणि झटक्यात आईचे फोटो उघडले.

अप्पांनी स्क्रीनकडं बघितलंच न्हाई. फरशीवर वाकून म्हणाले, "तो दाणा कुठं फेकलास?"